आठवड्याला एक ॲसिडिटीचं इंजेक्शन घेतलं तर चालेल का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय ४८. कर्वेनगरला माझं पोळी-भाजी केंद्र आहे. चार महिन्यांपूर्वी दुर्बिणीने तपासलं तेव्हा जठरात अल्सर निघाला. पॅन्टोप्राझोल ४० ची गोळी दिली होती, ती मी पहाटे पाचला चहाबरोबर घ्यायचे. वीसेक दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडली. आता दुखलं की घेते. जळजळ फारच वाढली तर आमच्या गल्लीतले कंपाउंडर काका घरी येऊन इंजेक्शन देतात, कधी हाताच्या शिरेत, कधी कमरेत. दिवसभर उभं राहून गुडघे धरतात, त्याचंही एक तेव्हाच देऊन जातात. मग दोन दिवस अगदी छान जातात. माझ्या दिरांना गेल्या वर्षी अल्सरमधून रक्त गेलं, त्यांनाही हॉस्पिटलात तीन दिवस हेच औषध सलाईनमधून चालू होतं आणि ते बरे झाले. गोळ्यांनी पोट आणखी बिघडतं असं सगळे म्हणतात. मग गोळीऐवजी आठवड्याला एक इंजेक्शन घेतलं तर चालेल का? मिस्टरांनाही हल्ली पर्वती चढताना छातीत जळजळतं, थांबलं की कमी होतं. त्यांनाही एक देऊन बघू का?
— एक वाचक, कर्वेनगर

ताई, पत्रातलं शेवटचं वाक्य आधी घेते. बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल, हे थांबणार नाही.

चढताना छातीत जळजळतं आणि थांबलं की कमी होतं, हे वर्णन ॲसिडिटीचं कमी आणि हृदयाचं जास्त आहे. ॲसिड वर येतं ते जेवल्यावर, वाकल्यावर, आडवं झाल्यावर. नेमकं पायऱ्या चढतानाच यावं आणि टप्प्यावर टेकलं की जावं, असं ते सहसा वागत नाही. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळ्या अरुंद झाल्या असतील तर श्रमाच्या वेळी रक्त अपुरं पडतं, आणि ते दरवेळी कळ येऊनच कळतं असं नाही. कित्येकांना नुसती जळजळ होते, छाती भरल्यासारखी किंवा आवळल्यासारखी वाटते. तेव्हा मिस्टरांना इंजेक्शन देऊ नका. याच आठवड्यात त्यांना फिजिशियनकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या आणि पर्वतीचं वाक्य तिथे जसंच्या तसं सांगा. दवाखान्यातला साधा ईसीजी नॉर्मल आला म्हणून विषय मिटवू नका, कारण बसल्या जागी काढलेला ईसीजी अशा माणसात नॉर्मल येऊ शकतो. पुढे ट्रेडमिलवर चालवून बघायचं की आणखी काही, ते डॉक्टर ठरवतील. तोवर पर्वती बंद. आणि बसल्या बसल्या तसंच झालं, दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, घाम फुटला, जबडा किंवा हात भरून आला, तर १०८ ला फोन करून थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. इनो पाजून वाट बघत बसू नका. छातीतलं दुखणं गॅसच्या नावावर घालून रात्र काढलेली आणि सकाळी उशिरा आणलेली माणसं मी कॅज्युअल्टीत पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून इतकं खेचून सांगतेय.

आता तुमचं.

गोळी पोटात पडते म्हणून पोट बिघडवते आणि इंजेक्शन रक्तातून जातं म्हणून पोटाला धक्का लावत नाही, हा समज मी रोज ऐकते. पॅन्टोप्राझोलच्या बाबतीत तो मुळातच चुकलाय. ही गोळी जठरात विरघळत नाही. विरघळली तर तिथल्याच आम्लाने तिचा नाश होईल, म्हणून तिच्यावर असं आवरण असतं की ती जठर ओलांडून आतड्यात गेल्यावरच सुटते. तिथून औषध रक्तात शोषलं जातं, आणि आम्ल तयार करणाऱ्या पेशींपर्यंत रक्तातूनच, मागच्या दाराने, पोचतं. म्हणजे गोळी असो वा इंजेक्शन, शेवटचा टप्पा दोघांचा एकच. (गोळी चावून किंवा मोडून घेऊ नका म्हणतात ते याचसाठी. पुष्कळ जण गिळायला मोठी वाटते म्हणून अर्धी करून घेतात, तेव्हा ते आवरणच तुटतं.)

फरक आहे तो वेळेचा. शिरेतून दिलेलं औषध पंधरा ते तीस मिनिटांत कामाला लागतं, गोळीला काही तास लागतात. पण एकदा नियमाने सुरू झालं की ४० मिलिग्रॅमची गोळी आणि ४० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आम्ल जवळपास सारखंच रोखतात. इंजेक्शन हे औषधाचं ‘जोरदार’ रूप नव्हे. ज्याला गिळता येत नाही त्याच्यासाठीची ती सोय आहे. सतत उलट्या होणारा पेशंट, ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला, आयसीयूत नळी घातलेला, रक्तस्राव होणारा, यांना ते लागतं. आणि त्यांचंही तोंडाने सुरू झालं की आम्ही गोळीवर आणतो.

मग तुमचे दोन दिवस छान कसे जातात? तेही औषधाच्या हिशेबातच बसतं. पॅन्टोप्राझोल रक्तातून तास-दीड तासात निम्मं होतं, पण तेवढ्यात ते आम्ल सोडणाऱ्या पंपांना घट्ट चिकटलेलं असतं. त्या पंपांचं काम थांबतं आणि शरीराला नवे पंप तयार करायला वेळ लागतो, म्हणून एका मात्रेचा परिणाम चोवीस तास आणि थोडा पुढेही टिकतो. पण त्या क्षणी जे पंप चालू नसतात ते सुटतात. रोज मात्रा पडत गेली की तीन ते पाच दिवसांत बहुतेक पंप ताब्यात येतात. आठवड्याला एकदाच घेतलं तर तेवढी मजल कधीच मारता येणार नाही. एक-दोन दिवस आम्ल कमी, पाच दिवस पुन्हा पूर्ण जोरात, आणि जखम तशीच. जठराचा अल्सर भरायला साधारण आठ आठवडे, न चुकता, रोज औषध लागतं. तुम्ही वीसेक दिवस घेतलंत. दुखणं आधी थांबतं, जखम नंतर भरते. तुम्ही त्या दोन्हींच्या मध्येच औषध सोडलंत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर : नाही, चालणार नाही.

‘कधी शिरेत, कधी कमरेत’ यावरही मी अडखळले. पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन फक्त शिरेतून द्यायचं असतं. छोट्या बाटलीत पांढरी पूड येते. ती १० मिली सलाईनमध्ये विरघळवून किमान दोन मिनिटं सावकाश द्यायची, किंवा १०० मिलीच्या बाटलीत घालून पंधरा मिनिटांत सोडायची. कमरेत ते देत नाहीत. म्हणजे कमरेतलं वेगळंच काहीतरी असणार, आणि आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे ते बहुधा रॅनिटिडीन, म्हणजे आम्ल कमी करणारं एक जुनं औषध, असावं. त्याचा परिणाम काही तासांचा, आणि वारंवार दिलं की तोही बोथट होत जातो. २०२० साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी रॅनिटिडीन बाजारातून काढायला सांगितलं, कारण त्यात एनडीएमए नावाचा, कर्करोगाचा धोका वाढवू शकणारा घटक साठवणुकीत वाढतो असं दिसलं. २०२२ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतूनही ते वगळलं गेलं. घेतलेल्या चार-दोन इंजेक्शनांनी घाबरून जाऊ नका. पण आपल्या शरीरात काय गेलं हे तुम्हाला माहीत नाही, हे मला त्या औषधापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. काकांकडे रिकाम्या बाटल्यांचे किंवा खोक्यांचे फोटो मागा. पुढे डॉक्टरांना दाखवायला लागतीलच.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते मात्र गुडघ्याचं इंजेक्शन. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण माझा सगळा संशय तिथेच आहे.

गुडघ्यासाठी असं पटकन दिलं जाणारं इंजेक्शन म्हणजे बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक. जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून वाचवणारा चिकट थर, तिथला रक्तपुरवठा, हे सगळं प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांवर चालतं. डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही औषधं दुखणं थांबवतात ती हीच द्रव्यं कमी करून, आणि ती कमी होतात अख्ख्या शरीरात. त्यामुळे सुई कमरेत टोचली तरी जठराचं संरक्षण जातंच. ‘गोळी नको, पोटाला लागते, त्यापेक्षा इंजेक्शन द्या’ हे वाक्य इथेही तितकंच फसवं आहे. जेवल्यावर घेतलं तरी हा धोका जात नाही. म्हणजे काका एका सुईने आम्ल कमी करत होते आणि दुसऱ्या सुईने अल्सर जागता ठेवत होते, आणि दोन्हींचे पैसे तुम्ही देत होतात. मधल्या दिवसांत मेडिकलमधून ‘अंगदुखीची’ म्हणून सुटी गोळी घेत असाल तर तीही बंद करा. नाव वाचा, नावाच्या शेवटी ‘फेनॅक’ किंवा ‘प्रोफेन’ असेल तर ती तुमच्यासाठी नाही. गुडघ्याला पॅरासिटामॉल चालेल, दिवसाला किती ते डॉक्टरांना विचारून. वरून लावायचं मलम चालेल. केंद्रात एक उंच स्टूल ठेवा आणि पोळ्या लाटताना अधूनमधून बसा. हृदयासाठी कोणी ॲस्पिरिन लिहून दिली असेल तर ती मात्र आपल्या मनाने सोडू नका, आधी विचारा.

तुमच्या दिरांची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमच्या केसला लागू होत नाही. त्यांना रक्त जात होतं. अल्सरमधली रक्तवाहिनी उघडी पडली की डॉक्टर आधी दुर्बिणीतून ती बंद करतात, क्लिप लावतात, भोवती औषध टोचतात किंवा जागा भाजतात. तिच्यावर रक्ताची गुठळी धरते. पण जठराच्या आम्लात गुठळी नीट धरत नाही आणि धरलेली विरघळते. आम्ल जवळपास नाहीसं करून तिला टिकवायचं असतं, म्हणून ८० मिलिग्रॅम एकदम आणि मग तासाला ८ मिलिग्रॅम असं ७२ तास सलाईनच्या पंपातून औषध चालू ठेवण्याची पद्धत आहे. पुन्हा रक्त जाण्याचा धोका त्या पहिल्या तीन दिवसांतच सर्वांत जास्त असतो. त्यांना बरं केलं ते दुर्बिणीतल्या उपचाराने, त्या तीन दिवसांच्या पहाऱ्याने आणि नंतर आठवडे न् आठवडे घेतलेल्या गोळ्यांनी. घरी येऊन टोचलेली एक सुई यातलं काहीच करत नाही. मात्र दिरांना जे झालं ते तुम्हाला होऊ शकतं, हे ध्यानात ठेवा. शौचाला डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची झाली, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काही आलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तर काकांना बोलावू नका. ससून असो की जवळचं खासगी हॉस्पिटल, जिथे रात्री दुर्बीण होते तिथे जा. लोहाच्या गोळीनेही शौच काळी होते, पण ती अशी चिकट नसते. शंका असेल तर दाखवून या, उगाच आलात म्हणून कोणी रागावणार नाही.

आता गोळी घ्यायची कशी, कारण तीही तुम्ही वाया घालवत होतात. हे औषध चालू असलेल्या पंपांनाच पकडतं, आणि पंप चालू होतात खाल्ल्यावर. म्हणून गोळी घ्यायची आणि अर्ध्या ते पाऊण तासाने पोटभर खायचं. तुम्ही पहाटे पाचला ती चहाबरोबर घेता. केंद्र चालवणाऱ्या बायकांचा दिवस मला माहीत आहे, सकाळचे डबे निघाल्याशिवाय तुमच्या तोंडात घास जात नसणार. तोवर दहा-अकरा वाजतात आणि औषध रक्तातून बहुतेक गेलेलं असतं. उठल्यावर गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा जरा लांबवा. पावणेसहाला तवा तापला की पहिल्या दोन पोळ्या गिऱ्हाइकाच्या डब्यात जायच्या आधी तुमच्या ताटात, भाजी नाहीतर दुधाबरोबर. एवढं जमत नसेल तर गोळीच पुढे ढकला, पण पोटभर खाण्याच्या आधीच तिची वेळ ठेवा. गोळी महाग पडते म्हणून सोडली असेल तर जनऔषधी केंद्रात हीच गोळी बरीच स्वस्त मिळते, आणि कंपाउंडर काकांच्या एका फेरीपेक्षा तर नक्कीच.

दुर्बिणीचा रिपोर्ट काढा. फोटोंच्या खाली कुठेतरी ‘आरयूटी’ असं लिहून पुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असेल. ती एच. पायलोरी या जिवाणूची तपासणी. पुष्कळ अल्सरच्या मुळाशी हाच असतो. अल्सर काळजीने आणि तिखटाने होतो असं वर्षानुवर्षं मानलं जायचं. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. तरी आमच्याकडे अजून मिसळीलाच दोष दिला जातो. तर्रीने जळजळ वाढते हे खरं, अल्सर होत नाही. तुमचं आरयूटी पॉझिटिव्ह असेल आणि अँटिबायोटिकसह १४ दिवसांचा कोर्स झाला नसेल, तर तो व्हायलाच हवा. नाहीतर पॅन्टोप्राझोल थांबवलं की अल्सर पुन्हा डोकं वर काढणार. निगेटिव्ह असेल तर विचारा, तपासणीच्या आधी दोन आठवडे ॲसिडिटीची गोळी बंद होती का. ती चालू असेल तर जिवाणू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. मग श्वासाची किंवा शौचाची तपासणी करता येते, आणि तिच्या आधीही गोळी दोन आठवडे थांबवावी लागते. ती कधी थांबवायची ते डॉक्टरांनी सांगितल्यावरच, कारण तुमची जखम अजून भरलेली नसणार. रिपोर्टमध्ये आरयूटीचा उल्लेखच नसेल तर तोच पुढच्या भेटीतला पहिला प्रश्न.

छातीपर्यंत जळजळ येते ती मुख्यतः आम्ल वर चढण्याची. त्यासाठी रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा घाला, डाव्या कुशीवर झोपा. जादा उशी घेऊन भागत नाही, त्याने नुसती मान वाकते आणि पोटावर दाब येतो. थंड दुधाने घटकाभर बरं वाटतं, मागून आम्ल पुन्हा वाढतं. पत्रात नाही, तरी विचारते : मिश्री लावता का? सकाळी तवा तापायच्या आधी बोटावर मिश्री घेणाऱ्या पुष्कळ बायका आहेत आणि डॉक्टरांपुढे कोणी बोलत नाही. तंबाखूने जठराच्या तोंडाची झडप सैल पडते आणि अल्सर भरायला वेळ लागतो. असेल तर सोडायलाच हवी.

‘गोळ्यांनी पोट बिघडतं’ म्हणणाऱ्या शेजारणींचं सगळंच खोटं नाही. ही गोळी वर्षानुवर्षं, कारण नसताना, घेत राहिलं तर बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसात बी-१२ आधीच काठावर असतं, म्हणून ते तपासून घ्यावं. फार दिवस घेतलेली गोळी एकदम बंद केली की काही आठवडे उलट जास्त आम्ल सुटतं आणि माणसाला वाटतं, आपल्याला सवयच लागली. तेव्हा थांबवायची कशी तेही डॉक्टरांशीच ठरवा. पण आठ आठवड्यांच्या कोर्सला यातलं काही आडवं येत नाही. इंजेक्शनलाही हे दुष्परिणाम आहेतच, वर शीर सुजणं, दुखणं, आणि क्वचित जोरदार ॲलर्जी. ती तुमच्या स्वयंपाकघरात झाली तर काकांच्या पिशवीत त्यावरचं औषध असेल का, हा प्रश्न त्यांनाच विचारा. माणूस भला असेल, म्हणून त्याने घरी येऊन शिरेत औषध सोडावं असं नाही.

शेवटचं काम दुसऱ्या दुर्बिणीचं. जठरातला अल्सर औषधाने भरला की नाही हे पुन्हा आत बघून खात्री करावी लागते, कारण जठराचा कर्करोग सुरुवातीला अल्सरसारखाच दिसू शकतो आणि गोळीने वरवर सुधारल्यासारखाही वाटतो. घाबरवायला सांगत नाही, बहुतेकांचा साधाच असतो. पण पहिल्या वेळी तुकडा तपासायला पाठवला होता का, ते रिपोर्टमध्ये बघा आणि चार महिने झालेत तर आता डॉक्टरांकडे जाऊन पुढची तारीख ठरवा. वजन उतरत असेल, घास अडकत असेल, हिमोग्लोबिन कमी आलं असेल, तर आठ आठवड्यांचीही वाट नको. जाताना रिपोर्ट, गोळ्यांची पाकिटं आणि काकांच्या बाटल्यांचे फोटो एका पिशवीत घ्या. दुर्बिणीच्या दिवशी आदल्या रात्रीपासून उपाशी राहावं लागेल, तेव्हा केंद्राला सुट्टी द्या. गुंगीचं औषध दिलं तर त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही आणि संध्याकाळच्या ऑर्डरसाठी गॅसपाशीही उभं राहायचं नाही.